सुखदेवचा डावा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आमचं पथक वाशीमच्या डाकबंगल्यावर उतरलं. सैन्याच्या कागदांत गावाचं नाव ‘बासीम’ असंच लिहीत. युद्धाचं पाचवं वर्ष होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून रजेवर आलेल्या शिपायांना परत पाठवण्याआधी तपासायचं आणि कोण फिट, कोण अनफिट हे ठरवायचं, एवढंच आमचं काम होतं.

पथकात तिघं होतो. कॅप्टन थॉमस हे डॉक्टर, त्रावणकोरचे. त्यांना इंग्रजी येत असे आणि कामापुरती मोडकी हिंदुस्तानी. हवालदार वानखडे अकोल्याकडचे होते. त्यांचा आवाज मोठा होता. मनाने ते वाईट नव्हते. मी महिला दलात कॉर्पोरल होते आणि दुभाष्याचं काम करत होते.

वाशीम माझं स्वतःचं गाव. वडील इथल्या कोर्टात वकिली करत. माझं शिक्षण मात्र नागपूरच्या इंग्रजी शाळेत झालं. शाळेत मराठी बोललं की दंड होता, म्हणून तिथे मी कमी बोलू लागले. पुढे घरी आल्यावरही तोंड उघडण्याआधी वाक्य मनात जुळवून पाहायची सवय राहिली. सैन्याने मला घेतलं ते दोन्ही भाषा येतात म्हणून. बोलते किती, हे कोणी विचारलं नाही.

पद्धत ठरलेली होती. हवालदार व्हरांड्यात नाव पुकारत. शिपाई ‘ओ’ देऊन आत येई आणि शर्ट काढी. सुरुवातीला मी कोपऱ्यात एका कापडी पडद्यामागे बसत असे आणि कॅप्टनचे प्रश्न तिथून मराठीत विचारत असे. तो पडदा पहिल्याच कॅम्पवर गेला, आणि तो खांद्यांमुळे गेला.

डोंगरातून परत आलेल्यांत खांद्याची दुखणी फार होती. एकदा उतरलेला खांदा पुन्हा उतरतो. बसवल्यावर तो वरून चांगला दिसतो, आणि आघाडीवर परत जायचं असलेला माणूस त्याबद्दल बोलत नाही. कॅप्टन आधी दोन्ही खांदे समोरून आणि मागून पाहत. एक बाजू बसकी आहे का, मांस झिजलं आहे का. मग हात पुढून वर, बाजूने वर, पाठीमागे. मग कोपराला धरून हात खाली ओढत आणि खांद्याच्या हाडाखाली खळगा पडतो का ते बघत.

शेवटची तपासणी वेगळी होती. ते शिपायाच्या पाठीमागे उभे राहत. त्याचा हात बाजूला खांद्याइतका उचलत, कोपर काटकोनात वाकवत आणि मनगट सावकाश मागे नेत. गोफण फिरवताना हात जातो तसा. त्याच वेळी अंगठ्याने खांदा पाठीमागून पुढे ढकलत. ज्याचा खांदा कधी उतरला आहे त्याला तो नेमका कुठे निसटतो ते माहीत असतं. तो त्या जागेच्या आधीच थांबतो. ओरडत नाही, हात ओढूनही घेत नाही. फक्त त्याचा चेहरा बदलतो. आणि पाठीमागे उभ्या असलेल्या डॉक्टरला चेहरा दिसत नाही.

“कॉर्पोरल,” कॅप्टन म्हणाले होते, “पडदा काढा. समोर उभ्या राहा आणि चेहरा पाहा.”

उघड्या अंगाच्या पुरुषासमोर उभं राहायचं म्हणजे कुठे बघावं हा मला प्रश्न होता. हुकमाने तो सोडवला. चेहऱ्याशिवाय दुसरीकडे बघायचंच नव्हतं. कॅप्टन मागून विचारत, “फेस?” मी सांगत असे, “स्टेडी, सर,” किंवा “चेंज्ड, सर.” दुसरं काही बोलावं लागत नसे. ते काम मला जमत होतं.

पोळ्याच्या सकाळी व्हरांड्यात वीसेक शिपाई जमले. आसपासच्या खेड्यांतले, शेतकरी घरचे. सणाच्या दिवशी बोलावल्यामुळे सगळे नाराज होते. एकजण मोठ्याने बोलत होता. तो किसन. अनसिंगच्या पलीकडच्या एका लहान गावचा.

“हवालदार साहेब, पोयाच्या दिवशी बैलालेबी सुट्टी असते.”

“तू बैल हायेस काय बे?”

“सरकारले इचारा. खांदे त सरकारच तपासून राह्यलं.”

व्हरांडा हसला. हवालदारांनी त्यालाच पहिला आत पाठवला.

किसनने शर्ट काढला तेव्हा त्याचे दोन्ही खांदे पिवळे होते. हळद आणि लोणी, वाळून चिकटलेलं. कॅप्टनना वाटलं, दुखण्यावर लेप लावला आहे. ते म्हणाले, “विचारा, काय झालं आहे.”

“काई नाई झालं,” किसन म्हणाला. “काल खांदेमयन होती. आमची माय म्हने, बैल वावरात ओझं वाह्यते, तुमी तिकडं मानसं वाह्यता. बसा तुमीबी लाइनीत. आधी बैलजोडी, मंग गोऱ्हा, मंग सुखदेव अन् मी.”

मी कॅप्टनना समजावलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात. वर्षभर जू वाहून ते सोललेले असतात. मळून झालं की बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी असते.

“हे आमंत्रण यालाही दिलं?” कॅप्टननी विचारलं.

“देल्लं न. म्हनून म्हनतो साहेब, लवकर सोडा.”

किसन आणि सुखदेव स्ट्रेचर-बेअरर होते. डोंगरात वाटा अरुंद असत, चौघं मिळून स्ट्रेचर खांद्यावर घेत. पुढची जोडी या दोघांची. किसन उजव्या खांद्यावर घ्यायचा, सुखदेव डाव्या. सुखदेवला आई नव्हती. किसनच्याच मायने दोघांना वाढवलं होतं. हे सगळं किसनने न विचारता सांगितलं. त्याचा हात कॅप्टननी मागे नेला तेव्हाही तो बोलतच होता.

“फेस?”

“स्टेडी, सर.”

तो फिट ठरला आणि बाहेर गेला. हवालदारांनी पुढचं नाव पुकारलं, “सुखदेव!”

“ओ!” असा आवाज आला आणि दारात पुन्हा किसन उभा राहिला.

“तू त आत्ता आतून आला न बे?”

“तो दुसरा होता, साहेब.”

“दुसऱ्याच्या नावाले ओ देनं फौजेत गुन्हा हाय. कोठडीत टाकीन.”

“टाका. पन जेवन झाल्यावर टाका.”

बाहेर हशा पिकला. मी हसले नाही. चेहरे बघण्याची मला एव्हाना सवय झाली होती, आणि किसनचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्याला खरोखरच सुखदेवच्या जागी तपासून घ्यायचं होतं.

मग सुखदेव आला. किसनपेक्षा उंच आणि फार कमी बोलणारा. त्याने शर्ट काढताना आधी उजवा हात बाहेर काढला आणि डाव्या बाहीवरून कापड सरकवून घेतलं. डावा हात त्याने उचललाच नाही. त्याचेही खांदे हळदीचे होते. उजवा किसनसारखाच. डाव्यावर हळदीचा थर जाड होता, गळ्यापासून दंडापर्यंत. मळणाऱ्या हाताला काहीतरी समजलं होतं. ते कॅप्टननीही पाहिलं.

“खांदा कधी उतरला होता का?” मी विचारलं.

“नाई.”

“पडला होतात? मार लागला होता?”

“नाई, बाई.”

कॅप्टन त्याच्या पाठीमागे गेले. उजवा हात झाला. मग त्यांनी डावा उचलला, कोपर वाकवलं आणि मनगट मागे नेऊ लागले. सुखदेव माझ्याकडे बघत होता. हात अर्ध्यावर आला आणि त्याची नजर माझ्यावरून सुटली. डोळे उघडेच होते, पण ते त्या खोलीत नव्हते. ओठ मिटलेले होते. कपाळावरची कातडी ताणली गेली. तेवढंच.

“फेस?”

“चेंज्ड, सर.”

कॅप्टननी हात तसाच ठेवून दुसरा तळहात त्याच्या खांद्यावर समोरून ठेवला आणि आधार दिला.

“नाऊ?”

त्याची नजर परत आली. “स्टेडी, सर.”

त्यांनी तळहात काढला.

“चेंज्ड, सर.”

“इनफ,” कॅप्टन म्हणाले आणि त्याचा हात हळूच खाली आणला. सुखदेवला इंग्रजी येत नव्हतं, पण मी काय म्हणाले ते त्याला कळलं होतं. मग त्याने सांगितलं.

पावसात एका घसरणीवर त्याचा पाय सुटला होता. स्ट्रेचर खांद्यावरून निसटलं आणि त्याने दांडा डाव्या हाताने वरच्या वर धरला. सगळा भार त्या हातावर आला. खांदा उतरला. दांडा त्याने सोडला नाही. बाकीच्यांनी स्ट्रेचर टेकवल्यावर किसनने त्याला झाडीत नेलं, बगलेत टाच रोवली आणि हात ओढून खांदा बसवला. त्यानंतर तो आणखी दोनदा उतरला होता. दोन्ही वेळा किसननेच बसवला. दोघांनी कोणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर जोडी फुटली असती.

“लेफ्ट शोल्डर अनस्टेबल,” कॅप्टन म्हणाले. “तो खांद्याला गार्ड करतो. स्ट्रेचरसाठी अनफिट. डेपोत पाठवा.”

हवालदार दारात उभे होते. ‘गार्ड’ म्हणजे पहारा एवढंच त्यांना माहीत होतं; दुखरा भाग आखडून जपणं हा डॉक्टरी अर्थ माहीत नव्हता. पण हात मागे जाताना सुखदेवने खांदा आखडलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यावरून त्यांनी स्वतःचा अर्थ लावला. ते व्हरांड्यात गेले आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, “सुखदेव, अनफिट! अंग चोरते!”

आपल्या भाषेत अंग चोरणं म्हणजे अंग आखडून घेणं. पण कामात चुकारपणा करणं हाही त्याचा अर्थ, आणि शेतकऱ्याला हा दुसराच आधी ऐकू येतो. अंगचोर बैल बाजारात काढतात. सुखदेव शर्टाची गुंडी लावत तोपर्यंत दारात पोहोचला होता. व्हरांड्यात आसपासच्या पाच-सहा गावांची माणसं होती. संध्याकाळी पोळ्यात बैल उभे राहतील तेव्हा हा शब्द प्रत्येक तोरणाखाली गेला असता. आधी कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

“कोन अंगचोर बे?” किसन उठला होता. त्याने हवालदारांचा पट्टा मुठीत धरला होता. “पुन्हा म्हना. म्हना न.”

वरिष्ठावर हात टाकला तर कोर्टमार्शल असतं. त्याचा दुसरा हात अजून खाली होता.  सुखदेव जमिनीकडे बघत होता.

मी बाहेर आले. पुरुषांच्या घोळक्यापुढे मी तोवर कधी बोलले नव्हते. “हवालदार साहेब,” मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. किसनने मागे वळून पाहिलं आणि त्याची मूठ सैल झाली.

“चूप राहा रे सारे,” तो म्हणाला. “बाई बोलून राह्यली.”

या वेळी वाक्य मनात जुळवायला सवड नव्हती.

“यांनी अंग चोरलं नाही. यांचा खांदा उतरतो. पहिल्यांदा उतरला तेव्हा यांच्या हातात स्ट्रेचरचा दांडा होता आणि स्ट्रेचरवर जखमी माणूस होता. यांनी दांडा सोडला नाही. त्याच खांद्यावर पुढेही माणसं वाहिली. आता तो खांदा राहिला नाही, म्हणून साहेबांनी थांबवलं आहे.”

 हवालदारांनी पट्टा सरळ केला.

“माही जबान घसरली, गड्या,” ते सुखदेवला म्हणाले.

“असं नाई,” किसन म्हणाला. “पुकारलं तसंच पुकारा.”

हवालदार वानखडे अटेन्शनमध्ये उभे राहिले आणि तेवढ्याच आवाजात पुकारलं, “सुखदेव! खांदा उतरते! अनफिट!” पट्टा धरल्याबद्दल त्यांनी पुढे काही कारवाई केली नाही.

किसन आत आला आणि कॅप्टनसमोर उभा राहिला. “साहेब, जोडी फोडू नोका.”

मी भाषांतर केलं. कॅप्टन हात धूत होते. ते म्हणाले, “त्याला सांगा, पुढच्या वेळी तो खांदा उतरेल तेव्हाही स्ट्रेचरवर कोणीतरी असेल.”

मी सांगितलं. किसन बराच वेळ काही बोलला नाही. बोलण्याची त्याची ही एवढीच विश्रांती मी पाहिली.

“मंग बराबर हाय,” तो म्हणाला. “आमचा कायदाच हाय, बाई. आधी ओझं टेकवाचं, मंग आपन बसाचं.” त्याने सलाम केला. बाहेर त्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. “चाल बे सुखदेव. माय वाट पाहून राह्यली. पोया थंड्या व्हतीन.”

त्याच आठवड्यात आमचं पथक हिंगोलीकडे निघालं. किसन वाशीम स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट बघत होता. बरोबर सुखदेव होता. किसनने पत्र्याची ट्रंक डाव्या खांद्यावर घेतली होती आणि फलाटावर उगाच इकडून तिकडे चालत होता.

“ट्रंक खाली ठेव न,” सुखदेव म्हणाला.

“सवय करून राह्यलो. नवा गडी कोन्या खांद्याचा भेटते, का मालूम.”

मला पाहून त्याने ट्रंक आधी नीट टेकवली आणि मग सलाम केला. ती माझी त्याची शेवटची भेट.

पुढच्या पोळ्याला युद्ध संपलेलं होतं. माझी नोकरी अजून संपली नव्हती. मी रजेवर घरी होते. पोळ्याच्या आदल्या दुपारी सुखदेव आमच्या दारात बैलांची दमणी घेऊन आला. डेपोतून त्याला नोकरीतून मोकळं करून घरी पाठवलं होतं. तो वडिलांना नमस्कार करून म्हणाला, “बाईले मायनं बोलावलं. खांदेमयन हाय.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घातली.

अनसिंगच्या वाटेवर चिखल होता. बैल सावकाश चालत होते. किसन पावसाळ्याआधीच गेला होता, एवढं मला हवालदार वानखड्यांकडून कळलं होतं. कसा गेला ते कळलं नव्हतं.  गाव दिसायला लागल्यावर सुखदेवने पुढे बघतच सांगितलं.

“त्याच्या संगतचा एक जन रजेवर आल्ता. तो सांगे, मॉर्टरचा तुकडा पाठीत लागला.”

“स्ट्रेचर?” मी विचारलं.

“टेकवलं त्यानं. आधी टेकवलं. मंग बसला.”

“जखमी?”

“वाचला म्हने.”

किसनला तिकडेच मातीआड केलं होतं. ती जागा कुठे आहे हे सांगता येईल असा माणूस गावात कोणी नव्हता.

माय अंगणात होती. बारीक, ताठ बाई. तिने मला पाट दिला आणि कामाला लागली. वाटीत हळद आणि लोणी होतं. तिने बैलजोडीचे खांदे पळसाच्या पानाने चोळले, दोघांच्या कानाशी वाकून आवतन दिलं. मग गोऱ्ह्याचे चोळले. मग सुखदेवने सदरा काढला आणि तो बैलांच्या शेजारी, लाइनीत, खाली बसला. त्याच्या डाव्या बाजूला एका माणसाएवढी जागा मोकळी होती. ती कोणी मुद्दाम ठेवली होती असं मी म्हणणार नाही.

तिने त्याचा उजवा खांदा मळला. मग ती त्याच्या पाठीमागे गेली. बगलेपर्यंत हात पोहोचावा म्हणून तिने त्याचा डावा हात बाजूला उचलला आणि मागे घेतला. मी सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरची कातडी ताणली. तेव्हाच तिचा दुसरा तळहात हळद घेऊन पुढून आला आणि खांद्यावर बसला, कॅप्टननी ठेवला होता त्याच जागी. त्याचा चेहरा परत आला. तिने तळहात काढला नाही. वाटी संपेपर्यंत ती तोच एक खांदा मळत राहिली.

मग ती त्याच्या कानाशी वाकली.

“किसना,” ती म्हणाली, “आज आवतन घे. उद्या जेवाले ये.”



“ओ, माय,” सुखदेव म्हणाला. “येतो.”

दुसऱ्याच्या नावाला ओ देणं फौजेत गुन्हा आहे. त्या अंगणात फौजेचं माणूस मी एकटीच होते. मी खाली पाहिलं.